दुपारच्या सुट्टीत कापलेली केबल

पेट्रोल पंपाची तरुण मालकीण गावातले गुन्हे उकलणाऱ्या वहिनींसमोर बसली होती. तिच्या पंपावरच्या नव्या चार्जरची केबल काल जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी कापली होती, सरकारी तपासणीला तासभर उरला असताना.

राज्याच्या नव्या कायद्याने प्रत्येक पंपावर विजेच्या गाड्यांसाठी चालू चार्जर सक्तीचा केला होता आणि कालची तारीख शेवटची होती. केबल बाहेरच्याने कापल्याचं सिद्ध झालं, तर तीन महिन्यांची मुदत मिळणार होती. घरच्यानेच कापली असेल, तर परवाना कायमचा रद्द.

"नाव शोधून द्या," ती म्हणाली. "आईने उभा केलेला हा पंप आहे. मला तो चालवायचाय."

वहिनी निघाल्या, मागोमाग भाऊजी. वहिनींचे हे धाकटे दीर, निवृत्त चित्रकला शिक्षक. ते प्रत्येक तपासात पहिल्या पाच मिनिटांत गुन्हेगार पकडायचे आणि हमखास तोंडघशी पडायचे.

पंपाला सील लागलं होतं. कापलेली केबल तिथेच पडून होती, आतल्या तांब्याला कुणी हात लावला नव्हता. शेजारी आग विझवायची वाळूची बादली. कचेरीतलं विजेवरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. काल सकाळीच आपण ते बरोबर लावलं होतं, असं मालकीण म्हणाली.

चार्जर बसवणारा मिस्त्री वैतागलेला होता. गाडीला जोडल्याशिवाय केबलमध्ये वीज येतच नाही, हाच त्याने शिकवलेला पहिला धडा होता.

"म्हणजे बिनधास्त कापणारा हाच," भाऊजी कुजबुजले.

वीस वर्षं पेट्रोल भरणाऱ्या कामगाराचा चार्जरवर रागच होता. या वयात मालकिणीशेजारी दोन दिवस शिकवणीला बसावं लागलं, आणि मोठे मालक मात्र बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत होते, असं तो कुरकुरला.

मोठे मालक म्हणजे मालकिणीचे वडील. त्यांनी पाहुण्यांना आपली खुर्ची दिली. पोरीला मोठ्या कॉलेजातून शिकवायला बोलावणं आलंय, पण ती माझ्यापायी इथे धूर खात बसलीय, असं ते सांगत राहिले. भाऊजींना म्हातारा फार आवडला.

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना कचेरीत बसवलं.

"तांबं तसंच आहे, म्हणजे चोरी नाही. घड्याळ मागे पडलं, कारण कापणाऱ्याने आधी मेन स्विच बंद केला. केबलमध्ये वीज नसते हे मिस्त्रीला माहीत होतं, शिकवणीला बसलेल्या दोघांनाही. मग वीज बंद करायची गरज कुणाला वाटली? वाळूची बादली जवळ घेऊनच कामाला हात घालण्याची सवय पेट्रोलवाल्याची. काका, शिकवणीला न बसलेले तुम्ही एकटेच."

वडिलांनी नाकारलं नाही. "पंप बंद झाला की तू कॉलेजात जाशील, असं वाटलं गं."

"कॉलेजला मी महिन्यापूर्वीच नकार कळवला, बाबा. तुमच्यासाठी नव्हे. मला इथेच राहायचं होतं."

भाऊजींना रडू आवरेना. त्यांनी वहिनींकडे आशेने पाहिलं. मुदतीच्या अर्जात एखाद्या परक्याचं नाव घातलं, तर पंप अजून वाचत होता. मालकिणीला ती नजर कळली.

"नको," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या गळ्यात नाही घालणार मी हे."

वडिलांनी तिच्याकडे हात पुढे केला. तिने तो पाहिला, पण घेतला नाही. मग ती कामगाराला घेऊन बाहेर गेली, उद्यापासून दुसरीकडे काम बघा, असं त्याला सांगायला.