दहा वाजता एकेचाळिसावा भाग

"ताई, त्या कठड्यावरून उतरा. रेंज मिळेल, पण मग तुम्ही नाही मिळणार!"

मी मोबाईल धरलेला हात आभाळाकडे ताणून उभी होते. खाली धडगावच्या घाटाची दरी, अंगावर नोव्हेंबरचा गार वारा... आणि पाठीमागून तो आवाज. कानाला इअरफोन लावून मी तो शंभरदा तरी ऐकला होता. वळून बघायची हिंमतच होईना.

शेवटी कठड्यावरून उतरून वळलेच. हेमकांतच होता. डाव्या भुवईतली तुटकी रेघ, हातमोजा दातांनी ओढून काढायची ती सवय – सगळं रील्समधल्यासारखंच. फक्त रीलमध्ये उंच दिसतो, प्रत्यक्षात माझ्यापेक्षा चार बोटंच उंच निघाला. आणि मला 'ताई' म्हणाला. आठ महिने ज्याच्यासाठी जीव पाखडला, तो म्हणे ताई!

आता सांगूनच टाकते. मी दिपाली. शहाद्यात एका मेडिकलवर बसते. दिवसभर तापाच्या गोळ्या देते आणि गिऱ्हाईक नसलं की 'निशिगंधा' या नावाने मोबाईलवर कथा लिहिते. चाळीस भाग झाले. तीस हजार वाचक, बहुतेक बायकाच. कथेचा नायक शौर्य, घाटात गाड्या पळवणारा. शौर्यची भुवई, शौर्यचा हातमोजा, शौर्यची हिरवी जिप्सी, सगळं मी हेमकांतच्या रील्समधून उचललेलं. त्या बिचाऱ्याला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं.

आणि एकेचाळिसाव्या भागात मी शौर्यला मारलं होतं. गाडीसकट दरीत. भाग लावून ठेवला होता, आज रविवारी सकाळी दहाला आपोआप प्रसिद्ध होणार होता. त्याआधी एकदा खऱ्या माणसाला डोळ्यांनी बघून घ्यावं, म्हणून वडापच्या जीपने इथवर आले होते. आज इथे हिल क्लाइंब होती. घड्याळ लावून एकेक गाडी घाट चढणार होती.

"एक काडी तरी आली का रेंजची?" तो कठड्याला टेकत म्हणाला.

"नाही हो."

"मग तुमच्या उंचीचा काय उपयोग?"

"तुमच्यापेक्षा कमीच आहे उंची... चार बोटं."

"मोजलीत पण?" तो हसला. माझे कान तापले. "मला आईला फोन करायचाय. शर्यतीआधी आवाज ऐकल्याशिवाय तिला चैन पडणार नाही. वडील ट्रकवर होते... घाटातच गेले. मी घाटाचं नाव काढलं तरी घरात चूल पेटायची नाही."

"मग आज कसं सोडलं त्यांनी?"

"हसाल तुम्ही." त्याने दुसरा हातमोजा दातात धरला, सोडला. "मोबाईलवर एक गोष्ट येते. त्यातला शौर्य म्हणून आहे, तो डिट्टो माझ्यासारखा. आईला वाटतं, मीच तो. दर भागात तो सुखरूप घरी येतो ना... म्हणून म्हणाली, जा. आज दहाला गल्लीतल्या सगळ्या बायका मिरचीचे देठ खुडायला आमच्याच अंगणात बसणार. फुलवंताबाई मोठ्याने वाचणार, बाकीच्या ऐकणार."

मी कठडा धरून मोबाईलवरचं घड्याळ बघितलं. नऊ वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"काय झालं? चक्कर येतेय का?"

"खाली... खाली जायला जीप मिळेल?"

"शर्यतीसाठी वरचा रस्ता बंद केलाय, म्हणून वडाप बंद. दोन वाजेपर्यंत एकही जीप नाही. मोटरसायकलवाले सगळे बघायला वर जाऊन बसलेत. रेंज पाहिजे तर बारा किलोमीटर खाली उतरावं लागेल." तो जवळ आला. "एवढं अर्जंट काय आहे?"

खोटं बोलायला मी पटाईत आहे. चाळीस भाग तेच तर केलं. पण त्याच्या आईचं अंगण डोळ्यांपुढे आलं आणि खरंच बाहेर पडलं.

"निशिगंधा मीच आहे," मी म्हणाले. "आणि आजच्या भागात शौर्य मरतो."

तो आधी हसला. मग हसू विझलं. मग तो मराठी सोडून घरच्या बोलीवर आला.

"मारी टाकं तू? कसाले?"

"मला माहीत नव्हतं तुमची आई—"

"माय मन्ही जागेवर बठी जाई! तुले समजस का? ती त्या शौर्यले मी समजस!"

डोळ्यांतलं पाणी गालांवर आलेलं पुसायचंही सुचेना. माझ्या एका बोटाने लावून ठेवलेली वेळ, आणि त्या बाईच्या काळजाला... देवा, काय करून बसले मी!

हेमकांत तरातरा जिप्सीकडे गेला. मला वाटलं, संपलं. आता हा तोंडही बघणार नाही. पण त्याने आतून डावीकडचं दार ढकललं.

"बठ."

"आणि शर्यत?"

"एकदा रांगेतून गाडी काढली की नंबर बाद. बठ ना आते!"

तेवीस नंबरची गाडी रांग सोडून उलटी फिरली तेव्हा निशाणवाला माणूस शिट्टी फुंकत मागे धावला. हेमकांतने काच खाली करून फक्त हात जोडले. वर्षभर त्याने या गाडीचा एकेक नट स्वतः आवळला होता. ते सगळं मी रील्समध्ये पाहिलं होतं.

रील्समध्ये सुसाट दिसणारा तो माणूस घाट उतरताना एकदाही वेडावाकडा वळला नाही. समोरून बघ्यांच्या गाड्या येतच होत्या. प्रत्येकीला तो थांबून वाट देत होता आणि दर वेळी माझी नजर घड्याळाकडे जात होती. नऊ एकेचाळीस... नऊ त्रेपन्न... नऊ अठ्ठावन्न.

"येक सांग," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "मारं कसाले? वाचणारासले आवडत व्हता ना तो?"

"मलाच जास्त आवडायला लागला होता." आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "रोज रात्री त्याच्याशी बोलायचं आणि सकाळी तुमची जिप्सी मेडिकलवरून सरळ निघून जायची. ओळख ना पाळख. वेड लागेल अशी भीती वाटायला लागली. म्हटलं, हा संपला की मी सुटेन."

पुढचं वळण त्याने फारच सावकाश घेतलं.

दहा वाजून सहा मिनिटांनी माझा मोबाईल थरथरायला लागला तो थांबेचना. एकशे ऐंशी प्रतिक्रिया. रडणारे चेहरे, शिव्या, शाप. उशीर झाला होता.

हेमकांतने गाडी कडेला घेतली, आईला स्पीकरवर फोन लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदा घंटा वाजली... वाजतच राहिली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी गणपतीला, देवमोगरा मातेला, आठवेल त्या देवाला हात जोडत होते.

"हालो," त्याच्या आईचा, तापीबाईंचा आवाज आला. "हेमकांत? जित्ता शे ना तू?"

"हाव माय, जित्ता शे! तू बरी शे ना? ती गोष्ट..."

"वाची दखाडी फुलवंतानी. समद्या रडनूत आम्ही. मी दोन घोट पानी पिनू नि तुलेच फोन लाई ऱ्हायनू कव्हयनी. शर्यत झायी का?"

"सोडी दिनी. तुन्हा जीव घाबरी म्हणीसन..."

"सोडी दिनी?" पलीकडे बाई कडाडली. "गधडा! वरीसभर त्या गाडीना खाले लोळना नि येक गोष्टमुळे सोडी दिनी? तुन्हा बाप गया ते मी खरं सोसं रे. खोटं काय मले सोसाव नही?"

मी मान खाली घातली. आम्ही दोघंही त्या बाईला किती कच्च्या काळजाची समजलो होतो!

"नि आयक," तापीबाईंचा आवाज उतरला. "ती लिखणारी कोन शे, तिले धुंडी काढ. ती पोर तुन्हावर जीव लावस."

"तुले कसं समजनं?"

"तुन्ही भुवईवरनी रेघ मी बी इतली बारीक देखी नही, मी तुन्ही माय शे तरी! नि आज तुले मारताना तीच जास्त रडनी शे. वाचताना समजस ते."

हेमकांत माझ्याकडे बघत राहिला. जाग आल्यासारखा.

"धुंडानी गरज नही माय. शेजारेच बठेल शे."

पलीकडे दहा बायका एकदम बोलायला लागल्या, आणि त्या गलक्यातून तापीबाई ओरडल्या, "पोरी, त्याले पहिले परत जित्ता कर! मग घर ये, तुन्हासंगे बोलनं शे." फोन बंद झाला.

मी लगेच तो भाग काढून टाकला. खालच्या नाल्याचं पाणी ऐकू येत होतं.

"माय सांगस ते खरं शे का?" त्याने विचारलं.

आठ महिने मी शौर्यच्या प्रत्येक प्रश्नाला झकास उत्तरं लिहिली होती. आता एक वाक्य जुळेल तर शपथ.

"हाव," मी म्हणाले. एवढंच. मग धीर करून म्हणाले, "पण मला भीती वाटते. शौर्य पुढे काय बोलणार ते मला माहीत असायचं. तुम्ही काय बोलाल... ते नाही माहीत."

"मले बी माहीत नही," तो म्हणाला. "मले बी भ्या वाटस."

गिअरवरचा हात उचलून त्याने माझ्या हातावर ठेवला. घामाने नुसता ओला होता त्याचा हात. माझाही. पण आम्ही दोघांनीही तो काढला नाही.