सुई ईशान्येला

विज्ञान प्रदर्शनात बोलायला यंदा मी स्वतःहून हात वर केला. आठवीपर्यंत हजेरीलाही माझा आवाज फुटायचा नाही, आणि आता नववीत मी थेट चुंबकावर बोलणार होते, तेही कागद न बघता.

आम्ही आकुर्डीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पप्पा चाकणच्या एका कंपनीत ग्राइंडिंग मशीनवर आहेत. त्या मशीनचं टेबलच चुंबकाचं असतं. लोखंडी जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, वर ठेवायचा, खटका ओढायचा, की तो जागचा हलत नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या मशीनवर खटका ओढायचा राहिला आणि जॉब उडून पप्पांच्या जागेवर येऊन पडला. पप्पा नेमके पाणी प्यायला गेले होते. तेव्हापासून चार वाजले की आई गॅलरीत उभी. पप्पा साडेचारला येतात.

सोमवारी सकाळी पप्पांच्या शर्टाचं बटण तुटलं. कंपनीची बस यायची वेळ. मी सुईदोरा घेऊन तिथेच, त्यांच्या अंगावरच टाके घातले.

"अंगावर शिवू नये गं," आई ओट्यापासून म्हणाली.

"मग बसला सांगू का, थांब जरा?"

"शिव, शिव," पप्पा म्हणाले. "टोचू नको म्हणजे झालं, मास्तरीणबाई."

दुपारी शाळेतून आल्यावर तीच सुई मी चुंबकावर एकाच दिशेने पन्नास वेळा घासली, थर्माकोलच्या तुकड्यात आडवी खोचली आणि काचेच्या वाडग्यात पाण्यावर सोडली. टोक उत्तरेला जायला हवं होतं. ते ईशान्येला गेलं.

"भिंतीत सळया असतात," दुसऱ्या दिवशी आमच्या विज्ञानाच्या करिष्मा मॅडम म्हणाल्या. म्हणून मी वाडगा शाळेच्या मैदानाच्या मधोमध नेला. मॅडमचं होकायंत्र उत्तरेला, माझी सुई ईशान्येला.

"इथे पण सळया पुरल्यात का, मॅडम?"

"पुन्हा घासून बघ," मॅडम म्हणाल्या. हसल्या नाहीत.

बुधवारी मला कळलं. पावणेचारच्या सुमाराला सुई हलायला लागली, ईशान्येकडून पूर्वेकडे, अगदी सावकाश. साडेचारला पप्पा दारात. ते मोरीत हातपाय धुवायला गेले, सुई मोरीकडे. कॉटवर आडवे झाले, सुई कॉटकडे. मी त्यांना सेफ्टी शूज, मोबाइल, किल्ल्या, बेल्ट, सगळं बाहेर ठेवायला लावलं.

"आता दात पण काढून देऊ का?"

सुई ढळली नाही. मी नकाशा काढून पाहिला. चाकण आमच्या बरोब्बर ईशान्येला आहे.

खरं सांगते, मला भीती नाही वाटली. उलट भारी वाटलं. आई विचारायची, "कुठवर आले गं?" मी वाडग्यात बघून सांगायची, "मोशी." मग, "भोसरी." आईने गॅलरीत उभं राहणं सोडलं.

माझ्या भाषणात एक वाक्य होतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तरंगत्या सुईला वळवतं, ओढून नेत नाही. मी त्यावर पुष्कळ विचार करायची. माझी सुईही नुसती वळायची. जाणाऱ्या माणसाकडे आपण मान वळवून बघतो, तशी.

शनिवारी साडेचार वाजले. सुई ईशान्येलाच. पाच वाजले. पप्पांचा फोन बंद.

"नीट बघ, निशू," आई म्हणाली. तिचे हात पिठाचे होते, ते तिने धुतलेच नाहीत.

मी वाडगा गोल फिरवला. सुई डुलली आणि परत तिथेच.

सव्वापाचला बेल वाजली.

पप्पाच होते. "बस बंद पडली," म्हणाले. शर्टाचं बटण, माझा काळा टाका, सगळं जागच्या जागी. आईने डोळे पुसले आणि चहा टाकला. पप्पा मोरीजवळच्या खुर्चीत बसले, वाडग्यापासून दोन हातांवर. मोरी आमची दक्षिणेला.

सुई ईशान्येला.

आणि ती नुसती वळलेली नव्हती. थर्माकोल सरकत सरकत वाडग्याच्या चाकणकडच्या काठाला जाऊन टेकला होता. मी बोटाने मधे आणला. तो परत गेला.

आई खुशीत होती. "फेल झाली तुझी सुई. विचार तिला, कुठवर आले पप्पा?"

माझं बोट अजून पाण्यातच होतं.

पप्पांनी कप खाली ठेवला, आणि तेही माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहू लागले.