अनॉनच्या चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या

चहा प्यायला मी दहा मिनिटं गेले काय, तेवढ्यात कुणीतरी माझं हजार वर्षांचं काम एका गठ्ठ्यात बांधून ठेवलं.

चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या होत्या त्या. सकाळपासून मी त्या लांबलचक टेबलावर सालाप्रमाणे मांडत होते – डाव्या टोकाला सगळ्यात जुनी, उजव्या टोकाला अगदी अलीकडची. आता त्या चारी बाजूंनी ठोकून, कडा जुळवून, मधोमध कागदाची पट्टी गुंडाळून इतक्या नेटक्या बसल्या होत्या की चौदावं शतक कुठे संपतं आणि एकोणिसावं कुठे सुरू होतं, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शेजारी एक उंच माणूस उभा होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांवर वाळलेली खळ, आणि चेहऱ्यावर असं समाधान की आता मी शाबासकीच देणार.

"पसरले होते सगळे," तो म्हणाला. "पंख्याने उडाले असते... म्हणून लावून दिले."

तो बाइंडर होता. आमच्या कचेरीतले जुने ग्रंथ पानं गाळायला लागले होते, ते दुरुस्तीला न्यायला आला होता. सुटे कागद दिसले की माझे हात आपोआप पुढे होतात, असं त्याने सांगितलं. मी म्हणाले, माझेही हात आत्ता आपोआप पुढे होताहेत, पण ते कुणाच्या तरी गळ्याकडे. तो हसला. मग माझे डोळे भरलेले बघून खुर्ची ओढून बसला आणि पट्टी सोडत म्हणाला, "सांगा. पहिली कुठली?"

आमचा कोश म्हणजे वापरातून गेलेल्या इंग्रजी शब्दांचा मराठी कोश. वाचणारी मंडळी पुस्तकांतून वाक्यं टिपून चिठ्ठ्या पाठवतात, आम्ही त्या सालाप्रमाणे लावून शब्द कुठून कुठे गेला ते लिहितो. संगणक आहेत, पण आमच्या मुख्य संपादकांचा विश्वास चिठ्ठीवर. त्यांना आम्ही मागे 'पूर्णविराम' म्हणतो, कारण ते बोलले की पुढे कुणी बोलत नाही. त्यांचे नियम दोन. स्रोत, साल आणि पान नसलेली चिठ्ठी टोपलीत. आणि एकट्यादुकट्याच्या साक्षीवर अर्थ ठरवायचा नाही, किमान तिघांची हवी. मला हे नियम फार आवडायचे. अजून पुरावा येऊ दे म्हटलं की कुठलीच गोष्ट आज ठरवावी लागत नाही.

तर त्या दिवशी माझ्याकडे शब्द होता – अनॉन.

चिठ्ठ्या लावता लावता मी त्याला तो शब्द सांगितला. हजारेक वर्षांपूर्वी दोन इवलेसे शब्द चिकटून तो झाला. मूळ अर्थ 'एकात'. त्यावरून एका दमात, तत्क्षणी. बोलावणं आलं की अनॉन, म्हणजे हातातलं टाकून. मग चिठ्ठ्या उजवीकडे सरकतात तसा शब्द सैल पडत जातो. पाचेकशे वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होतो 'थोड्या वेळाने'. पुढे 'एव्हर' या दुसऱ्या शब्दाचं बोट धरून 'अधूनमधून'. मग तो फक्त कवितेत उरतो, आणि आता कुणी वापरलाच तर थट्टेने.

"पण 'ताबडतोब'चं 'थोड्या वेळाने' झालं कसं?" त्याने विचारलं.

"लोकांनी केलं. तोंडाने ताबडतोब म्हणायचं आणि सावकाश यायचं. पिढ्यान् पिढ्या असं चाललं तर शब्द बिचारा काय करणार? आपलं 'आलोच' घ्या ना. आलोच म्हणणारा अजून साबण शोधत असतो."

"म्हणजे आळशी होते."

"आळशीच."

त्याने एक चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली, साल वाचलं आणि अगदी जपून तिच्या जागी ठेवली. "की घाबरट?" तो म्हणाला. "असतं एखाद्याचं... जायचं तर असतं, पाय उचलत नाही."

मी म्हणाले, सोळावं शतक इकडे द्या. तो हसत होता हे मला त्याच्याकडे न बघताही कळत होतं.

त्यानंतर तो दर गुरुवारी यायला लागला. एक ग्रंथ नेऊन दुसरा आणायचा. एकदम चार नेता आले असते, पण तेवढं गणित मला तेव्हा सुचलं नाही. तो गेल्यावर टपालाच्या टोपलीत एक चिठ्ठी सापडायची, आमच्याच मापाची, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. पहिलीवर लिहिलं होतं, 'पुठ्ठा वाळला की बाइंडर अनॉन येईल.' मी लाल शाईने विचारलं, 'स्रोत? साल? पान?' आणि पुढच्या गुरुवारी परत केली. उत्तर आलं, 'स्रोत: मी. साल: चालू. पान: अजून कोरं.' हसू दाबता दाबता मला ठसका लागला. तिसरी होती, 'ती मान खाली घालून वाचत असते तेव्हा शेजारच्या माणसाच्या शिवणीचे टाके चुकतात.'

यात अनॉन कुठेच नाही, असं मी त्यावर लिहिलं. खरंच लिहिलं. दुसरी कुणी असती तर ती चिठ्ठी उशाखाली ठेवून झोपली असती.

आईने सारं ओळखलं होतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली आहे. जन्मभर लोकांना 'लाइनवर थांबा' सांगितल्यामुळे की काय, कुणाला ताटकळत ठेवलेलं तिला आता बघवत नाही. गुरुवारी तू निळी ओढणीच का घेतेस, असं तिने इस्त्री करता करता विचारलं. मी म्हणाले, ती कपाटात वर असते म्हणून. ती म्हणाली, बरं.

आणि एका मंगळवारी, रिमझिम पडत असताना, तो आला. वार मंगळवार, हातात ग्रंथ नाही, केसांवर पाण्याचे बारीक थेंब. दारातच म्हणाला, दोन मिनिटं बाहेर ये. तुम्हीचं तू कधी झालं होतं, त्याची नोंद दोघांनीही ठेवलेली नव्हती.

जिन्याखाली उभं राहून त्याने सांगितलं ते असं. रात्रभराच्या प्रवासाइतक्या लांबच्या शहरात एक मोठं ग्रंथालय होतं, तिथे जुनी पुस्तकं दुरुस्त करायच्या विभागात त्याला बोलावलं होतं. तीन वर्षांचं काम. असं काम बाइंडरच्या नशिबी एकदा येतं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"जा म्हणालीस तर जाईन," तो म्हणाला. "थांब म्हणालीस तर थांबेन. पण काहीतरी म्हण."

पन्हळीचं पाणी टपटपत होतं. जाऊ नकोस, हे दोन शब्द माझ्या जिभेवर अगदी तयार होते. आणि मी म्हणाले, "सांगते... उद्या सांगते."

बुधवारी मी त्याला निरोप पाठवला – जरा विचार करते, सांगतेच. विचार कसला करणार होते, कपाळ. मला तो आवडत होता हे माझ्या हाताखालच्या टेबलालाही माहीत होतं. पण मन म्हणायचं, अजून एक गुरुवार बघू. अजून एक चिठ्ठी येऊ दे.

गुरुवारी तो आला नाही. टोपलीत चिठ्ठीही नव्हती. निळी ओढणी दिवसभर गळ्यात उगाच टोचत राहिली. संध्याकाळी घरी आईला सगळं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "एक्स्चेंजमध्ये असताना एक गोष्ट कळली," ती म्हणाली. "थांबलेला माणूस भांडत नाही गं. तो गुपचूप फोन ठेवतो."

शुक्रवारी सकाळी पूर्णविराम माझ्या टेबलाशी आले. एका शब्दाला सात आठवडे झाले, आज नोंद हातात हवी, म्हणाले. पुरावा अजून पुरा नाही, असं मी म्हणाले. "पुरावा कधीच पुरा होत नसतो, बाई," ते म्हणाले. "पुरेसा होतो. लिहा आता."

मी लिहायला घेतलं. अर्थ पहिला, तत्क्षणी. अर्थ दुसरा, थोड्या वेळाने. मग खाली टीप लिहायची होती, अर्थ का बदलला याची. 'बोलणाऱ्यांनी तत्काळ येण्याचं वचन देऊन विलंब केल्यामुळे...' इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. सांगतेच. उद्या सांगते. मी मेलेल्या लोकांना सात आठवडे आळशी म्हणत होते आणि स्वतः जिन्याखाली उभ्या असलेल्या एका जिवंत माणसाशी तेच करत होते. त्याने पहिल्याच दिवशी बरोबर ओळखलं होतं. आळशी नव्हे. मी घाबरट होते.

टीप पुरी केली, कागद पूर्णविरामांच्या टेबलावर ठेवला आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण काय, त्यांनी विचारलं. खासगी, मी म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सही करता करता म्हणाले, पुठ्ठे बांधणाराचं दुकान साडेबाराला बंद होतं, घाई करा. म्हणजे साऱ्या कचेरीला ठाऊक होतं.

बस मिळाली नाही. मी चालले, मग जवळजवळ धावले. दुकानात शिरले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बाराला आठ मिनिटं होती. मला केवढा अभिमान वाटला त्या आठ मिनिटांचा. तो लोखंडी प्रेसचं चाक फिरवत होता. मला बघून त्याचा हात चाकावरच राहिला.

"जाऊ नकोस," मी धापा टाकत म्हणाले. "म्हणजे... मला तू आवडतोस. खूप. हे मंगळवारीच सांगायचं होतं. पहिल्या महिन्यातच सांगायचं होतं खरं तर."

तो फडक्याला हात पुसत राहिला, पुसून झाले तरी.

"काल संध्याकाळी फोन करून कळवलं मी," तो म्हणाला. "हो म्हणून. मला वाटलं... तुझं उत्तर मिळालंय."

घड्याळाची टिकटिक फार मोठ्याने ऐकू यायला लागली. एक दिवस. फक्त एका दिवसाने मी चुकले होते. मला रडू येणार होतं, आणि मी ठरवलं की रडणंही आज नको, त्यात वेळ जातो.

"जायचं कधी?"

"पंधरा दिवसांनी."

"मग जा," मी म्हणाले. "असं काम सोडायचं नसतं. मंगळवारी विचारलंस तेव्हा हेही सुचायला हवं होतं मला." माझं बोलणं थांबेना. "चिठ्ठ्या काय, टपालाने कुठेही येतात. कोशाचं पुढचं अक्षर तिकडे बसून करता येईल का, विचारीन पूर्णविरामांना."

"कधी विचारशील?" त्याने विचारलं. थट्टा नव्हती त्यात. त्याला खरंच भीती वाटत होती.

"सोमवारी. सकाळी दहाला."

त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. तो जवळ आला, माझ्या कपाळावरचे घामाने चिकटलेले केस त्याने बोटाने बाजूला केले, आणि खळीचा मंद पिठूळ वास आला. मी डोळे मिटले नाहीत. मला त्याच्याकडे बघायचं होतं.

"मलाही तू," तो अगदी हळू म्हणाला. "गठ्ठा सोडला तेव्हापासून." मग हातातलं फडकं ठेवत, "तुझ्या घरी... सांगायला हवं ना? येईन मी जायच्या आधी एकदा. सवडीने."

"सवडीने नाही. आई घरी आहे. आत्ता जाऊ."

"आत्ता म्हणजे?" त्याने स्वतःच्या डागाळलेल्या शर्टाकडे बघितलं. "या अवतारात?"

मी दुकानाच्या दाराची एक फळी ओढून घेतली आणि म्हणाले, "चप्पल घाल."