आज भांडी कोण घासणार

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. माझ्या मामेबहिणीच्या घरात हे घडलंय, आणि त्या घराची एक किल्ली आजही माझ्या खिशात असते.

फक्त हल्ली संध्याकाळी मी तिकडे जात नाही.

थंडीतला शनिवार होता. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत खिडकी, खिडकीला लागून पुस्तकांचं उंच कपाट, आणि कपाट नि भिंत यांच्यामध्ये माणूस जेमतेम उभा राहील एवढा कोपरा.

तो कोपरा लक्षात ठेवा.

ताई लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि दिवसभर ओरडायचं, हा तिचा धंदा. म्हणून मित्रमंडळींत ती मास्तरीण. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती घरी खेळ भरवायची. पत्ते, कॅरम, दमशेराज, काय वाटेल ते. सगळे चाळिशी ओलांडलेले, पण एकदा दारात चपला निघाल्या की वयंही बाहेरच राहायची.

यायचे तिघं. एक बेकरीवाला, हातात कायम केकचा खोका. एक चष्मेवाली, म्हणजे चष्म्याच्या दुकानाची मालकीण, ताईची शाळेपासूनची मैत्रीण. आणि एक हलूनका.

हलूनकाचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, ओळखपत्राचे फोटो. दिवसभर तोंडात एकच वाक्य. "हलू नका... हलू नका... झालं." त्यातलं ते 'झालं' तो इतक्या मऊ आवाजात म्हणायचा, की रडकी पोरंसुद्धा हसून आईकडे पळायची. नाव त्यावरूनच पडलं.

हे तिघं, ताई आणि भाऊजी, असे पाच जण. आणि या पाचांचा एक नियम होता.

दुसरा कुठलाही खेळ चालू असो, कुणीही कुणालाही मध्येच "स्टॅच्यू!" म्हणायचं. ज्याला म्हटलं त्याने आहे तसं थिजायचं. जो हलला तो हरला, आणि हरणाऱ्याने त्या दिवशीची सगळी भांडी घासायची. सुटका कशी? तर ज्याने स्टॅच्यू म्हटलं, त्यानेच "ओव्हर" म्हणायचं. दुसऱ्या कुणाचं चालायचं नाही.

हा शेवटचा नियम ताईने स्वतः केलेला.

त्या घरात भाऊजींनी भांडी घासली होती. बेकरीवाल्याने घासली होती. ताईनेही घासली होती, आपल्याच घरात शिक्षा म्हणून. हलूनकाने एकदाही नाही. दिवसभर दुसऱ्यांना हलू नका सांगणाऱ्याला स्वतः न हलणं काय अवघड? खाणं उरकलं की हा पठ्ठ्या सोफ्यावर पाय पसरायचा आणि साळसूदपणे विचारायचा, "आज भांडी कोण घासणार?"

ताई हट्टाला पेटली होती. एकदा तरी याला सिंकपाशी उभा करायचाच.

त्या शनिवारी तो जरा गप्प होता. आल्याआल्या पाणी मागितलं. बायकोने घराबाहेर काढलं वाटतं, अशी बेकरीवाल्याने चेष्टा केली. तो हसला, पण उलट काही बोलला नाही. पत्त्यांचा डाव रंगात आला होता. मध्येच तो उठला आणि पाण्याचा ग्लास घेऊन त्या कोपऱ्यात, खिडकीच्या हवेला जाऊन उभा राहिला. दुसरा हात छातीपाशी गेला. ताईकडे वळून म्हणाला,

"ऐक ना, मला जरा..."

"स्टॅच्यू!"

तिने वाक्य पुरं होऊच दिलं नाही.

तो थिजला.

सगळे पोट धरून हसले. बेकरीवाल्याने केकच्या खोक्याची टोपी करून त्याच्या डोक्यावर ठेवली. चष्मेवालीने खोक्याच्या रिबिनीची मिशी लावून पाहिली. हलूनका हलला नाही. ग्लास मात्र थरथरला. पाणी सांडलं आणि फरशीवर थेंब पडले. ताई म्हणाली, हलला, हरला. बेकरीवाला म्हणाला, पाणी हललं, माणूस नाही. यावर दोघांची चांगलीच जुंपली आणि त्यात बराच वेळ गेला.

मग ताई त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही ते तिने पाहिलं. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता.

आणि त्याचे डोळे... तिच्याकडे बघत होते. काहीतरी मागत होते.

तिला ते कळलं. हे तिने फक्त मला सांगितलंय, भाऊजींनाही नाही. याला सुटायचंय, एवढं तिला नक्की कळलं. पण तिला वाटलं, आला हा घाईला. अजून थोडं ताणलं की हरतोय.

ती सँडविच आणायला स्वयंपाकघरात गेली. मुद्दाम सावकाश. एरवी ती पाव नुसते ताटलीत टाकते. त्या दिवशी तिने एकेक सँडविच नीट त्रिकोणी कापलं.

परत आली तेव्हा बाकीचे पुन्हा पत्ते खेळत होते. तो तसाच उभा होता. पाठ भिंतीला, खांदा कपाटाला. डोक्यावर टोपी.

"आज हा काही ऐकत नाही बुवा," बेकरीवाला म्हणाला.

चष्मेवाली उठली. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायची तिची सवय. ती त्याच्या जवळ गेली आणि बघत राहिली.

"मास्तरीण," ती म्हणाली. "हा बघत नाहीये."

हृदय बंद पडलं होतं. कोपरा इतका अरुंद, की माणूस पडायलाही जागा नव्हती. थोडं आधी कळलं असतं तर वाचला असता का, असं ताईने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं तर तिच्यावर उपकार झाले असते.

त्याच्या घरी भेटायला गेली, तर त्याच्या बायकोनेच तिचा हात हातात घेतला. "निघतानाच म्हणत होता, छातीत जड वाटतंय म्हणून. मी म्हटलं, नको जाऊस. तर म्हणे, नाही गेलो तर मास्तरीण म्हणेल घाबरला."

जी बाई परक्या माणसाच्या चुकीला वेळेवर ब्रेक दाबते, तिने आपल्या मित्रासाठी एक शब्द उच्चारला नव्हता. हे तिला आतून खात राहिलं.

खेळ बंद झाले. तो ग्लास तिने कागदात गुंडाळून माळ्यावर टाकला.

मग पाणी दिसायला लागलं.

आधी तिला वाटलं, फरशी पुसताना राहिलं असेल. त्या कोपऱ्यात... थोडेसे थेंब. तिने पुसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी... परत. भाऊजींनी प्लंबर आणला. त्याने भिंत ठोकून पाहिली, छत पाहिलं आणि सांगितलं की इथून पाइपच जात नाही.

मग आवाज जायला लागले.

कोपऱ्यात उभं राहिलं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची नाही. रस्त्यावरचे हॉर्न नाहीत. शेजारचा टीव्ही नाही. एक पाऊल बाहेर आलं की सगळं पुन्हा सुरू. भाऊजी म्हणाले, कपाटामुळे आवाज अडत असेल. म्हणाले खरे, पण त्यानंतर त्या कपाटातलं पुस्तक त्यांनी काही काढलं नाही.

पुढच्या थंडीत चष्मेवालीनेच विषय काढला. असं किती दिवस कुढत बसायचं, एकदा भेटू, नुसते पत्ते खेळू. ताईला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

जमले सगळे. सवयीने बेकरीवाल्याने पाच जणांची पानं वाटली. चूक सगळ्यांच्याच लक्षात आली. पाचवा वाटा तसाच पालथा पडून राहिला. खाणं झालं, भांडी सिंकमध्ये साचली. कोण घासणार, हे कुणी विचारलं नाही.

हळूहळू मंडळी सैलावली. बेकरीवाल्याने त्याच्या एका गिऱ्हाइकाचा किस्सा रंगवून सांगितला. भाऊजी हसले, चष्मेवाली हसली. ताईसुद्धा हसली आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली.

आणि तेवढ्यात... घड्याळ थांबलं.

नाही. काटा फिरत होता. फक्त आवाज येत नव्हता.

मग... हसणंही थांबलं.

ताईने मान वर केली. बेकरीवाल्याने पान टाकायला हात उचलला होता. तो हात खाली येत नव्हता. चष्मेवालीचा कप ओठांना लागला होता. भाऊजी हसता हसता मागे रेललेले, तोंड उघडं.

कुणीही हलत नव्हतं.

तिला आधी संताप आला. असली थट्टा? या घरात? ती काहीतरी बोलली, पण तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. तिने भाऊजींचा खांदा हलवला. तो हलला नाही. मग घाबरून ती म्हणाली, ओव्हर. एकेकाकडे बघून म्हणाली. काही झालं नाही.

कसं होणार? यांना स्टॅच्यू तिने म्हटलंच नव्हतं.

तिचा एकच स्टॅच्यू सोडवायचा राहिला होता.

तिने मान वळवली. कोपरा रिकामा होता. पण हवेतून... थेंब पडत होते. माणूस ग्लास धरतो त्या उंचीवरून.

एक... आणि मग पुन्हा एक.

ताई गेली, आणि त्या शनिवारी उभी होती तिथेच उभी राहिली.

"ओव्हर," ती म्हणाली.

हा शब्द ऐकू आला.

आणि कोपऱ्यातून कुणीतरी... फार वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

मागे पान टेबलावर आपटलं. हसणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. घड्याळ, हॉर्न, टीव्ही, सगळं. चष्मेवालीने कप खाली ठेवला आणि विचारलं, तू अशी तिथे का उभी आहेस, रडतेयस का? तिघांनाही काही कळलं नव्हतं.

ताई सांगायला तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरात... नळ सुरू झाला.

चौघंही तिथेच होते. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ताटली ताटलीवर ठेवल्याचा आवाज. चमचे विसळल्याचा. पुन्हा पाणी. घाई नाही, गडबड नाही. कुणीतरी शांतपणे भांडी घासत होतं.

मग नळ बंद झाला.

ते एकमेकांना धरून आत गेले. सिंक रिकामं. सगळी भांडी स्वच्छ, ओट्यावर ओळीने पालथी, अजून निथळत असलेली. आणि शेवटी एक ग्लास.

माळ्यावरचा. त्याच्यावरचा कागद शेजारी नीट घडी करून ठेवलेला.

बेकरीवाला मटकन खाली बसला. "मीच म्हणालो होतो," तो पुटपुटला. "पाणी हललं, माणूस नाही."

"तो नियमाने वागला," ताई म्हणाली. "सांडलं, म्हणून हरला."

इथे हे संपायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात तिने मला सगळं सांगितलं, तेव्हा मीही हेच म्हणालो. तू त्याला सोडवलंस ना, मग आता रडतेस कशाला?

"त्याला सोडवलं रे," ती म्हणाली. "मला कोण सोडवणार?"

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली.

मग एका संध्याकाळी मी माझ्या किल्लीने दार उघडलं. भाऊजी गावाला गेले होते. मी दाराशी बूट काढायला वाकलो आणि ती दिसली.

ताई त्या कोपऱ्यात उभी होती. पाठ भिंतीला. एका हातात तो ग्लास, दुसरा हात छातीपाशी. मी हाक मारली. ती हलली नाही. तिला ऐकूच जात नव्हतं, हे मला उशिरा आठवलं.

आणि मग तिच्या शेजारून, अगदी मऊ आवाजात...

"हलू नका."

मी हललो नाही. एक बूट हातात, एक पायात. मी 'झालं'ची वाट बघत राहिलो.

ते आलं नाही.

बऱ्याच वेळाने ताईचा हात भरून आला असावा. ती बाहेर आली, मला पाहून दचकली आणि मग जवळ येऊन हळूच विचारलं, "तू इथे होतास? तिथे मला काही ऐकू येत नाही रे. रोज उभी राहते. तो म्हणाला का काही?"

तिच्याकडे बघवत नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "झालं म्हणाला."

"नक्की?"

"नक्की."

ती तिथेच खाली बसून ढसाढसा रडली. मग डोळे पुसून चहा टाकायला गेली. त्या रात्री ती पहिल्यांदा शांत झोपली म्हणे. आता बरी आहे. हसते, कामावर जाते. कपाट सरकवून तिने तो कोपरा बुजवून टाकला.

मी तिला सोडवलं. नियमात मात्र ते बसत नव्हतं. दुसऱ्या कुणाचं चालत नाही.

माझ्या घरात दाराशी, मी बूट काढतो तिथे, गेल्या महिन्यापासून... थोडेसे थेंब दिसतात. मी पुसतो. दुसऱ्या दिवशी परत. काल बूट काढायला वाकलो होतो. आत बायको काहीतरी सांगत होती, ओठ हलताना मला दिसत होते.

ऐकू काहीच येत नव्हतं.