लामआजोबांचा पहारा

“मोठा दिवा बंद कर, मिहीर. कोपऱ्यातला राहू दे,” दीनानाथकाका म्हणाले. “आपल्या ऋजुताच्या बाबतीत घडलेलं सांगतो. तिने स्वतः मला सांगितलं, तेही दोन महिन्यांनी.”

२०२५ची अनंत चतुर्दशी. सहा सप्टेंबर, शनिवार. कार्डिफच्या मंडळाचा गणपती पोचवून ऋजुता घरी निघाली होती. तिच्या शेजारी लिएन नावाची व्हिएतनामी बाई राहायची, आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन. लिएनची हॉस्पिटलात शिफ्ट होती. तिचा फोन आला, “मला उशीर होतोय गं. बाबांना तेवढं औषध देशील?”

तिचे वडील मिस्टर लाम शहाण्णव वर्षांचे. पाय गेलेले, कित्येक महिने पलंगावरच. ऋजुताने औषध दिलं, प्रसादाचा मोदक हातावर ठेवला.

“पोरी, एक काम करशील?” ते म्हणाले. “ओट्यावर पेज आहे. वाटीभर मागच्या दाराबाहेर ठेव. ज्यांचं कुणी काही केलं नाही, अशा मेलेल्यांना जेवू घालायची आज आमची रात्र.”

ऋजुताला त्यात वेगळं वाटलं नाही. आपलाही पितृपक्ष तोंडावर आलेलाच.

“कुणासाठी ठेवायची?”

“होआसाठी.”

आणि म्हातारा बोलू लागला. १९४५चा जुलै. उत्तर व्हिएतनाममध्ये गावंच्या गावं उपासमारीने मेलेली, आणि डोंगरातल्या जपानी चौकीत तांदळाच्या थप्प्या लागलेल्या. गावातली पोरं क्रांतिकारकांना जाऊन मिळाली. बंदुका मोजक्या, बाकीच्यांच्या हातात कोयते. मुसळधार पावसात त्यांनी चौकीवर हल्ला केला. सोळा वर्षांच्या लामला ओढ्याच्या उतारावर पहाऱ्याला बसवलं होतं. अंधारातून येणाऱ्याला विचारायचं, “पाऊस?” त्याने म्हणायचं, “थांबला.” असं उत्तर आलं नाही, तर गोळी घालायची.

चौकी पडली. पहाटेपर्यंत तांदूळ वाटून झाला. सगळे ओढा ओलांडून परत आले. लामचा सोबती होआ तेवढा आला नाही.

“त्याला गोळी लागली म्हणे. प्रेतही सापडलं नाही,” लाम म्हणाले. “मी बसून राहिलो. मला ऊठ म्हणून कुणी सांगितलंच नाही.”

ऋजुताने पेज बाहेर ठेवली. आभाळ निरभ्र होतं, लख्ख चांदणं पडलेलं. दार लावून ती वळली.

आणि आवाज आला.

कुणीतरी पाण्यातून चालत येत होतं. चुबुक... चुबुक... मागे होतं वीतभर अंगण. कोरडं ठणठणीत.

खोलीतून लाम ओरडले. त्यांच्या भाषेत. एकच शब्द.

पावलं थांबली.

मग दाराशी... अगदी दाराशी... एक कोवळा आवाज. दमलेला. त्याचाही एकच शब्द.

ऋजुताला ती भाषा येत नव्हती. तरी कळलं.

तिने हँडल दोन्ही हातांनी दाबून धरलं.

“उघड,” लाम म्हणाले. “त्याला लागलंय.”

“बाहेर कुणी नाहीये!”

“पोरी... उघड.”

पलीकडूनही हँडल कुणीतरी धरलं होतं. ओढत नव्हतं. नुसतं धरलेलं.

ती रडत होती. पळून जावंसं वाटत होतं. पण आत तो म्हातारा... इतकी वर्षं...

तिने दार उघडलं.

कुणी नव्हतं. फक्त वास. चिखलाचा, कुजक्या पाल्याचा. तो तिच्या अंगावरून आत गेला.

मग खोलीतून हसू आलं. दोघांचं. दोघंही पोरसवदा.

आणि मग... काही नाही.

लिएन आली तेव्हा ऋजुता स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. लाम गेले होते. डोळे मिटलेले, चेहरा निवलेला. लिएन खूप रडली. मग वडिलांचे पाय पुसायला तिने पांघरूण बाजूला केलं...

पोटरीला जळू चिकटली होती. रानातली. रक्त पिऊन टम्म फुगलेली.

अजून हलत होती.