धोंडाबाईंच्या तोंडचा ‘नाना’

“सोमवारी माझी पीएच.डी. रद्द होतेय,” विशाखा उभ्या उभ्याच म्हणाली.

नांदेडच्या खासगी गुप्तहेर अख्तरी आपांनी तिला बसवलं, पाणी दिलं. त्यांचे मदतनीस, निवृत्त शिक्षक रेणुकादास, तिच्याकडे संशयानं बघत होते. त्यांना पेपरवालाही संशयित वाटे.

विशाखाचा विषय ‘नाना’ हा शब्द. उर्दूत आईचे वडील, तेलुगूत ‘नान्ना’ म्हणजे बाप, मराठीत घरातला वडीलधारा. मूळ एकच की निरनिराळं? त्यासाठी तिनं जळकोटच्या धोंडाबाईंचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. आता त्या फाइलमधली म्हातारी ठणकावून सांगत होती, “नाना म्हंजी बाप. नाना तेलंगणातून आला.”

तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी जळकोटला चौकशी केली, तेव्हा धोंडाबाई म्हणाल्या, हा आवाज माझा न्हाईच. प्राध्यापकांनी बनावटीचा ठपका विशाखावर ठेवला.

“फाइल कुणीतरी बदलली, आपा!”

“फाइल असलेला कंप्युटर कोण कोण वापरतं?”

“मी, कहकशां आणि सोमेश. तिघंही संशोधक.”

कहकशां घाबरलेली होती. “मी विशाखासोबत जळकोटला होते. आजी लई गोड बोलायच्या. तो शब्द विचारला की मात्र तोंडाला पदर लावून हसायच्या.”

उदगीरचा सोमेश बिनधास्त होता. “मी जळकोट पाहिलं बी न्हाई. म्हातारीला ओळखत न्हाई. माझा काय संबंध?”

“हा सुटला,” रेणुकादास कुजबुजले. “कहकशांच!”

आपा जळकोटला गेल्या. “आजी, मालकांचं नाव काय?”

“दारावर पाटी हाय की. वाचा,” म्हणत धोंडाबाई चहा टाकायला आत वळल्या.

रेणुकादासांनी चष्मा लावला. “कै. नाना तुकाराम केंद्रे. अक्षर सुबक आहे हं.”

सोमवारी प्राध्यापकांच्या खोलीत सगळे जमले.

“धोंडाबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत,” आपा म्हणाल्या. “तो गेल्यावरही नाही. आणि नाव होतं नाना.”

रेणुकादासांनी कपाळावर हात मारला.

“आजी तो शब्द उच्चारत नाहीत, हे विशाखानं आणि कहकशांनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी बनावट केली असती, तर आजीच्या तोंडी तो शब्द कधीच घातला नसता. ही चूक जळकोटला न गेलेलाच करणार.”

सोमेशचा चेहरा उतरला. “ह्याला पुरावा म्हणतेत का?”

“जळकोटहून येताना आम्ही उदगीरला तुमच्या घरी गेलो होतो. तुमची आत्या बाहेर बसलीय. फाइलमधला आवाज तिचाच. बोलावू?”

“नको,” सोमेश मान खाली घालून म्हणाला. “शिष्यवृत्ती एकच होती, अन् ती विशाखालाच मिळणार होती.”

प्राध्यापकांनी रद्दचा कागद फाडला. “झालं गेलं विसर, विशाखा.”

“तुम्ही जळकोटला चौकशी केलीत, सर,” ती म्हणाली. तिला रडू आवरेना. “मला एकदा तरी विचारायचं होतं!”