अकरा पाचला बंद पडलेलं कनेक्शन

"पोलिसांत तक्रार मीच दिली," दानेश्वरी म्हणाली. "पण रंभाबाईनं माझ्या डोळ्यांत बघून 'न्हाय' म्हटलं, तेव्हापासून झोप नाही."

सात रस्ता चौकातल्या कचेरीत खाजगी तपासनीस उदयसिंह आणि त्याचा मदतनीस अनिलकुमार ऐकत होते.

दानेश्वरी पुण्यात नोकरीला. आई कमलम्मा, घरच्यांची 'अव्वा', चार वर्षं अर्धांगानं अंथरुणात. भाऊ प्रभु आणि कामवाली रंभाबाई तिचं करायचे. आईच्या खोलीतल्या संगणकावर दानेश्वरीनं लिनक्स प्रणाली घालून कॅमेरा जोडला होता. पुण्यात बसून ती आईकडे बघत असायची.

"सोमवारी अकरा पाचला माझ्या पडद्यावरचं चित्र थांबलं. बारा वाजता प्रभुचा फोन आला. अव्वा श्वास कोंडून गेली होती. फरशी पुसताना रंभाबाईनं इंटरनेटची वायर ओढली आणि अव्वाला एकटं टाकून गेली, असं तो म्हणाला."

तासाभरात तिघं कमलम्माच्या घरी पोचले. प्रभु तिथंच होता. संगणकामागे वायर लोंबत होती.

अनिलकुमारनं ती खोचली. 'टक्' आवाज झाला, हिरवा दिवा लुकलुकला, इंटरनेट सुरू झालं.

"मिटलं की! वायरच निघाली होती."

उदयसिंहनं वायरला हिसका दिला. अख्खा संगणक पुढं सरकला, पण वायर निघाली नाही. टोकाची खिट्टी दाबली, तेव्हा कुठं ती हातात आली.

"पासवर्ड कुणाला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"मला एकट्याला," प्रभु म्हणाला. "नंतर मी तो बदलला, आता ताईलासुद्धा नाही. रंभाबाईला तर माउसही धरता येत नाही."

"सोमवारी तुम्ही कुठं होता?"

"दहा ते बारा चादरींच्या दुकानात."

त्यानं पासवर्ड टाकून दिला. उदयसिंह बराच वेळ नोंदी वाचत बसला.

रंभाबाई दारातच उभी राहिली. पोलिसांनी तिला दोनदा ठाण्यात बसवून ठेवलं होतं.

"फरशी मी दहालाच पुसली. पावणेअकराला प्रभुदादांनीच औषध आणाया धाडलं. लांबच्या दुकानात मिळालं. आले तवर अव्वा गेलत्या."

"त्यांना खायला काय देत होता?"

"नाकातल्या नळीनं पेज. तोंडानं कायबी न्हाय, डॉक्टरांनी बंद केलं हुतं."

उदयसिंह पलंगाशी वाकला. गादीच्या शिवणीतून मुंग्या तपकिरी कण ओढून नेत होत्या. त्यानं एक कण बोटावर घेऊन हुंगला.

"शेंगदाणे आणि गूळ. शेंगापोळी," तो म्हणाला. "प्रभु, बसा."

प्रभु बसला नाही.

"लिनक्स प्रत्येक घटनेची वेळ टिपून ठेवतं. वायर निघाल्याची नोंद अकरा बत्तीसची आहे. चित्र मात्र अकरा पाचलाच थांबलं होतं."

"मग अकरा पाचला काय झालं?" अनिलकुमारनं विचारलं.

"कुणीतरी इथं बसून कनेक्शन बंद केलं. वायर तेव्हा जागेवरच होती; वायर काढून पुन्हा खोचली की ते आपोआप जुळतं. त्याला पासवर्ड लागतो. म्हणजे प्रभु दुकानात नव्हते. ज्या बाईंवर आळ घातला, त्यांना त्यांनीच बाहेर पाठवलं होतं. वायर नंतर खिट्टी दाबून काढली, आळ घालायला. नळीनं जेवणाऱ्या बाईच्या गादीत शेंगापोळी होती. ती देताना ताईंनी बघू नये, एवढ्यासाठी कॅमेरा बंद झाला."

प्रभु भिंतीला टेकून खाली घसरला.

"दोन वर्षं मागत होती. बोलता यायचं नाही, नुसतं तोंड उघडून माझ्याकडं बघायची. ताई पुण्यातून ओरडायची, काही देऊ नकोस म्हणून. त्या दिवशी दुधात कुस्करून दिली. दोन घास खाल्ले. हसली. तिसऱ्याला ठसका लागला. मी पाठ चोळत राहिलो..."

"तो अपघात होता," उदयसिंह म्हणाला. "रंभाबाईंचं नाव घेतलंत, तो अपघात नव्हता."

दानेश्वरीनं भावाकडे बघितलं.

"खरंच हसली होती?"

प्रभुनं मान हलवली.

रंभाबाईनं डोळे पुसले, मग पदर खोचला.

"रडायचं मागनं रडा, दादा. आदी ठाण्यात चला. माझ्या लेकीला वस्तीत खुनिणीची पोर म्हणत्यात."